घर कुणाच्या नावावर?

सिंधुताई सपकाळांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. व्याख्यानांना गर्दी व्हायची, चित्रपट निघाला, पुरस्कार मिळाले. पण टाळ्या पडत त्या गोष्टीच्या उत्तरार्धाला, शेकडो अनाथ लेकरांच्या आईला. इथे आपल्याला पूर्वार्ध पाहायचा आहे, तोही फक्त १९७३ सालच्या काही दिवसांचा. वर्धा जिल्ह्यातली विशीतली, दिवस भरलेली बाई. नवऱ्याच्या मनात कुणीतरी संशय भरवला. त्याने मारहाण करून तिला घराबाहेर काढलं. गोठ्यात मुलगी जन्मली. ओली बाळंतीण तशीच माहेरी गेली, तर आईनेच तिला घरात घ्यायला नकार दिला. मग रेल्वेचे फलाट आले, गाड्यांमधून गाणी म्हणत मागितलेली भीक आली आणि रात्रीच्या झोपेसाठी स्मशान आलं. स्मशानच का? कारण भुताच्या भीतीने रात्री तिथे कुणी पुरुष फिरकत नाही.

तिच्या गावात त्या वर्षी पूर आला नव्हता, घर जळालं नव्हतं, कुणी कर्जापायी लिलावात काढलं नव्हतं. दोन्ही घरं जागच्या जागी उभी होती. तिचा त्या घरांशी असलेला संबंध एका माणसाच्या मर्जीवर होता, मर्जी फिरली आणि संबंध संपला. पुरुष बेघर होतो तेव्हा बहुतेकदा तो कामाच्या शोधात गाव सोडून आलेला असतो, शहरात भाडं परवडत नाही म्हणून फुटपाथवर पथारी टाकतो. गावी त्याच्या नावाचा एखादा पडका का होईना वाडा असतो. बाईच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. ती आधी घरात असतानाच बेघर होते आणि रस्त्यावर पुष्कळ नंतर येते. कित्येकदा येतही नाही, आणि म्हणूनच मोजली जात नाही.

आपल्याकडे बेघरांची मोजणी जनगणनेच्या वेळी एकाच रात्री होते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांमध्ये, देवळांच्या मंडपात आणि फलाटांवर झोपलेली माणसं प्रगणकांनी मोजली. देशभरात ती १७ लाख ७० हजारांच्या घरात भरली. उत्तर प्रदेशाखालोखाल महाराष्ट्राचा नंबर होता, इथे दोन लाख दहा हजारांच्या आसपास बेघर निघाले. देशातल्या बेघरांमध्ये दर दहांत चार बायका होत्या. हा आकडा कमी वाटत नाही, पण तो अपुरा आहे हे या प्रश्नाशी रोज संबंध येणारा कुणीही सांगेल. रात्री उघड्यावर दिसणं हीच ज्या बाईची सगळ्यात मोठी भीती आहे, ती प्रगणकाला सहजासहजी दिसणार कशी? ती सरकारी रुग्णालयाच्या आवारात कुण्या पेशंटची नातेवाईक असल्यासारखी बसून रात्र काढते. रात्रीच्या पॅसेंजरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि सकाळच्या गाडीने परत येते. पंढरपूर-आळंदीसारख्या ठिकाणी वारकऱ्यांत मिसळून जाते. धुणीभांडी करते त्या घराच्या मागच्या पडवीत झोपते. बहिणीकडे पंधरा दिवस, मावशीकडे महिना, मग चुलतभावाकडे असे दिवस काढणारी बाई तर कुठल्याच व्याख्येत बसत नाही. नातेवाइकांच्या भाषेत ती ‘सध्या आमच्याकडे असते’. त्या ‘सध्या’वरच तिचा मुक्काम टिकलेला असतो.

आता कागदाकडे वळू. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारलं होतं की घर किंवा जमीन तुमच्या नावावर, एकटीच्या किंवा सामायिक, आहे का. देशात ४३ टक्के बायकांनी ‘हो’ म्हटलं. महाराष्ट्रात जेमतेम २३ टक्के. सावित्रीबाई, रमाबाई आणि महर्षी कर्वे यांची नावं घेऊन भाषण सुरू करणाऱ्या राज्याचा हा आकडा आहे. आधीच्या सर्वेक्षणात तो याहून बरा होता.

असं का, हे पाहायला तहसील कचेरीत किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सकाळी अकराच्या सुमाराला जाऊन बसावं. वडील वारले, तेरावं झालं, वारसनोंदीचा विषय निघाला. सातबाऱ्यावर आईबरोबर सगळ्या भावाबहिणींची नावं चढणार. मग धाकटा भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या गावी जातो. “आक्का, एक सही लागते, कागद तयार आहेत.” आक्का स्वच्छ साडी नेसून येते, फोटो काढते, अंगठा यंत्रावर टेकवते. हक्कसोडपत्र नोंदलं जातं. बाहेर हॉटेलात सगळे मिसळपाव खातात आणि संध्याकाळपर्यंत आक्का परत सासरी.

तिला काही कळत नाही म्हणून ती सही करते, असं शहरातली माणसं समजतात. तिला सगळं कळतं. वाटा मागितला तर भाऊबीज बंद, लेकीच्या लग्नात मामा येणार नाही, आणि उद्या नवऱ्याने हाकलून दिलं तर उभं राहायला जागा उरणार नाही, हा हिशेब तिने केलेला असतो. आपला हिस्सा सोडून ती माहेरच्या दाराचा विमा उतरवते. एकरकमी हप्ता, आणि तो बहुतेकदा लाखांत. अडचण इतकीच की या विम्याची पॉलिसी कुठेच लिहिलेली नसते. आई असेपर्यंत ती चालते. आईनंतर ती वहिनीच्या हातात जाते. आणि वहिनीचं तरी त्या घरात काय आहे? तिचंही नाव त्या घरावर नाही. उद्या नणंद कायमची येऊन राहिली तर आपल्या मुलांच्या तोंडचं जाईल, हे तिलाही दिसतं. दोन बिनघरच्या बायका एकाच उंबऱ्यावर समोरासमोर उभ्या राहतात आणि गाव म्हणतं, बाईच बाईची वैरीण.

कायद्याची इथली चाल मजेशीर आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात एक तेविसावं कलम होतं. राहत्या घराची वाटणी मागायचा हक्क मुलीला नव्हता, भावांनी वाटणी करायची ठरवलं तरच तिला वाटा मिळायचा. मात्र अविवाहित, नवऱ्याने टाकलेली, विभक्त किंवा विधवा मुलगी बापाच्या घरात राहू शकत होती. २००५ च्या दुरुस्तीने हे कलम गेलं आणि मुलगी मुलाच्या बरोबरीने मालक झाली. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी दुरुस्ती केली होती, अर्थात तेव्हा अविवाहित असलेल्यांपुरती. बापाच्या पश्चात फक्त राहण्याची सोय असलेली मुलगी आता हिस्सेदार झाली, ही मोठीच गोष्ट. पण हिस्सेदार म्हणून जे मिळालं ते एका सहीने सोडून देता येतं. सोडलं की राहण्याची सोयही गेली.

सासरची बाजू पाहू. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात टाकलेल्या बायकांनी एक चळवळ उभी केली. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता परिषद भरवली. अॅडव्होकेट निशा शिवूरकर यांनी हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं लावून धरला. तिकडे सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळ हेच काम करत होती. या बायकांच्या मागण्यांमध्ये एक साधीशी मागणी होती : वेगळं रेशनकार्ड. आज ती किरकोळ वाटेल. पण टाकलेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या कार्डावर, ती राहते भावाकडे, भावाच्या कार्डावर ती नाही. सरकारदरबारी ती अजून नवऱ्याच्याच घरात जेवत होती. घर नाही, धान्य नाही, पत्ता नाही, मग मतदारयादीत नाव नाही. दुसरी मागणी घरासाठी जागेची होती. पोटगी मिळायची, पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली तिची कमाल मर्यादा तेव्हा महिन्याला ५०० रुपये होती. तेवढ्यात तालुक्याच्या गावी पत्र्याची खोलीसुद्धा मिळत नसे. तीही पोटगी नवरा देईल तेव्हा.

टाकलेल्या बायका म्हणजे मूठभर नव्हेत. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंदलेल्या स्त्रिया ९ लाखांच्या आसपास होत्या, तर घटस्फोट न होता विभक्त राहणाऱ्या २३ लाखांवर. म्हणजे ज्यांचं लग्न कागदावर शाबूत आहे आणि घर गेलं आहे अशा जास्त. घटस्फोटाची केस केली तर निदान न्यायालय राहण्याबद्दल काही आदेश देईल. नुसतंच ‘नांदवत नाही’ म्हटलं की कुणाकडे दाद मागायची हेच तिला ठाऊक नसतं.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. ‘सामायिक घरात’ राहण्याचा हक्क त्यात बाईला मिळाला, मालकी कुणाचीही असो. दोन महिनेही झाले नसतील, डिसेंबर २००६ मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर सासूच्या एकटीच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. वाट मोकळी झाली. फ्लॅट सासू-सासऱ्यांच्या नावावर करायचा, मुलाला ‘आमच्या मालमत्तेतून बेदखल केले आहे’ अशी जाहीर नोटीस पेपरात छापायची, मुलगा दोन दिवस मित्राकडे जाऊन राहणार आणि सुनेला पोलिसांसमोर बाहेर काढायचं. ही युक्ती चौदा वर्षं चालली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश अहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचा वापर करून सुनेचा राहण्याचा हक्क सरसकट उडवता येणार नाही, असाही निकाल आला. या दुसऱ्या निकालावर नाक मुरडणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र ऐकायला हवं. तो २००७ चा कायदा झाला तो मुलांनी घराबाहेर काढलेल्या आईबापांसाठी, आणि त्यांत एकट्या उरलेल्या म्हाताऱ्या आया पुष्कळ असतात. नवरा गेला, घर मुलाच्या नावावर करून दिलं, आणि मग आई या मुलाकडे चार महिने, त्या मुलाकडे चार महिने. सुनेचा आणि सासूचा खटला एकाच घरावरून लढला जातो आणि ज्याच्यामुळे दोघी कचेरीत आल्या तो दाराबाहेर फोनवर बोलत असतो.

विधवेचं दुःख वेगळं सांगायला नको, पण विदर्भ-मराठवाड्यातली एक पाहणी इथे नोंदवतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची विचारपूस केली. त्या कसत होत्या त्या जमिनीवर ४० टक्के जणींचा हक्क अजून लागलेला नव्हता, आणि राहत्या घरावर हक्क मिळालेल्या जेमतेम ३५ टक्के होत्या. नवऱ्याच्या मरणाची सरकारी मदत आली की दीर-सासऱ्यांचा तगादा सुरू होतो, ती संपली की ‘माहेरी जा’ सुरू होतं.

मराठी समाजाला हा प्रश्न दिसला नव्हता असं नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं, १८९६ च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, कर्व्यांनी १८९६ सालीच विधवांसाठी आश्रम सुरू केला. प्रत्येकाने जिवाची पर्वा न करता हे केलं. पण बेघर बाईला आपण दिलेलं उत्तर तेव्हापासून आश्रम हेच राहिलं : एक वेगळी इमारत, तिथले नियम, संध्याकाळी सातला बंद होणारं फाटक. तिच्या मूळ घरावरचा तिचा हक्क शाबूत ठेवायचा, हे कुणाच्या फारसं मनात आलं नाही. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, ती १९९० च्या आगेमागे. बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून पुरुषांच्या सभेत सांगणारा हा पुढारी, आणि गावंच्या गावं तसं करत होती. स्त्रीप्रश्नावर लिहिणारी मंडळी या मोहिमेला अजून पुरेसं श्रेय देत नाहीत, असं माझं मत आहे.

आश्रयाची गरज नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. पुण्याजवळ वढू बुद्रुकला ‘माहेर’ नावाची संस्था आहे. ती सुरू करणाऱ्या सिस्टर लुसी कुरियन १९९१ मध्ये एका कॉन्व्हेंटमध्ये काम करत असताना एक गरोदर बाई आली. नवरा जिवे मारेल, आजची रात्र ठेवून घ्या म्हणाली. तशी सोय नव्हती, परवानगी लागणार होती, म्हणून सिस्टरनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. १९९७ साली ‘माहेर’चं दार उघडलं. आज सरकारची ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत, १८१ हेल्पलाइन आहे. सखी केंद्रात राहता येतं साधारण पाच दिवस. पुढे शक्ती सदन हे सरकारी निवारागृह आहे, पण तिथे मुलगा एका वयापुढचा असेल तर बरोबर ठेवता येत नाही, आणि वाढत्या वयाच्या पोराला सोडून यायला आई तयार होत नाही. ती परत मारणाऱ्याच्या घरी जाते. ‘मग सोडत का नाही त्याला?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा या खोल्यांचे नियम वाचावेत.

आजार हे एक कारण आहेच, मात्र आपण समजतो त्या क्रमाने नेहमी येत नाही. रस्त्यावर कपड्यांचं भान हरपलेली, केसांच्या जटा झालेली बाई दिसली की लोक म्हणतात, वेडी होती म्हणून घरातून निघाली. कधी तसं असतं. कधी घरातून काढल्यानंतर वर्षभर उघड्यावर, भुकेने, पुरुषांच्या तडाख्यात सापडून ती तशी झालेली असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिंगवे नाईक इथे डॉक्टर राजेंद्र आणि डॉक्टर सुचेता धामणे ‘माउली’ प्रतिष्ठानात अशाच बायकांना सांभाळतात. तिथे येणाऱ्या काही जणी गरोदर असतात, म्हणून मुलांसाठीही घर चालवावं लागतं. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला डॉक्टर भरत वाटवानींच्या श्रद्धा संस्थेने उपचारानंतर हजारो रुग्णांना गावी पोचवलं, त्यासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे मिळालं. पुरुष रुग्ण बरा होऊन परतला की घरची माणसं रडतात, गाव गोळा होतं. बाई परतली की नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असण्याची शक्यता जास्त आणि ‘एवढे दिवस कुठे होती’ हा प्रश्न ठरलेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की केवळ कुटुंब नेत नाही किंवा घर नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवू नये. कलम चांगलं आहे. पण बरी झालेली बाई त्या फाटकातून बाहेर पडली की रिक्षावाल्याला कुठला पत्ता सांगणार?

फुटपाथवर संसार थाटलेल्या बायकांचं प्रकरण जरा निराळं. त्यांना नवऱ्याने टाकलेलं नसतं, गावाने टाकलेलं असतं : दुष्काळ, जमीन नसणं, जात. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी ऐन पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरची माणसं उचलून शहराबाहेर पाठवायला काढली. त्यावरून ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. हटवू नका असं मात्र म्हटलं नाही, नोटीस देऊन हटवा म्हटलं. त्याच सुमाराला भायखळा-नागपाड्याच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभारलं. त्यांना विचारलं, कसं घर हवं? तेव्हा त्यांनी आर्किटेक्टची टेप नाही घेतली, साड्या सोडून जमिनीवर पसरल्या आणि त्यांच्या लांबीने खोली मोजली. खोलीची उंची १४ फूट हवी, म्हणजे आत पोटमाळा निघेल आणि वयात आलेल्या मुलीला कपडे बदलायला आडोसा होईल. ज्यांनी वर्षानुवर्षं पहाटे अंधारात अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली आणि रात्री मोरीचा प्रश्न नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायचं सोडलं, त्यांना घर म्हणजे नेमकं काय हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता कागद सुधारण्याच्या वाटा पुष्कळ निघाल्या आहेत. २००३ साली राज्याने ‘घर दोघांचे’ म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरात पती-पत्नी दोघांची नावं लावायला सांगितलं. मात्र ही नावं लागतात तो नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे ग्रामसेवक सांगत नाही. पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावं लागतं. एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिचा फायदा अर्थात घर विकत घेणाऱ्यांना. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी चालू आहे. घराघराभोवती चुन्याच्या रेघा मारल्या जातात, मग चौकशी होते आणि मिळकत पत्रिका तयार होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांना कागदच नव्हता त्यांना तो पहिल्यांदा मिळतो आहे, आणि पहिल्यांदा लिहिलेलं नाव पुढे शंभर वर्षं चालतं. चौकशीच्या दिवशी बाई शेतावर असेल तर ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून कुणाचं नाव जाईल हे सांगायला नको.

आणि हे सगळं नको असेल, तर दुय्यम निबंधकाचं कार्यालय आहेच. राहतं घर बायकोच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये पडतं, स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. बहिणीच्या हक्कसोडपत्राचा मुद्रांकही असाच काही शे रुपयांचा. त्याच खिडकीवर, त्याच यंत्रावर अंगठा लावून दोन्ही कागद होतात. कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेल्या दस्तलेखकाला विचारा. हक्कसोडपत्राचा मसुदा त्याच्याकडे तयार असतो, फक्त नावं भरायची. दुसरा मागितला तर तो आधी चष्मा काढून तुमच्याकडे बघतो.